‘कु.’, ‘सौ.’ आणि प्रेक्षकाचा हक्क

पाऊस पत्र्यावर वाजतोय, तेव्हा मागच्या रांगांना ऐकू आलं नाही तर सरळ हात वर करा, मी थांबेन. जुलै महिन्यात लोणावळ्यात व्याख्यान द्यायचं म्हणजे पावसाला सहवक्ता मानूनच उभं राहावं लागतं.

मागच्या वेळी आपण रससिद्धान्तावर बोललो. ते संपल्यावर बारावीतल्या एका मुलीने माझ्या हातात चिठ्ठी दिली. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘सर, करीनाने माफी का मागितली? तुमच्या रससिद्धान्तात याचं उत्तर आहे का?’ आता करीना म्हटल्यावर मला आपली एकच करीना ठाऊक. तिने कशाची माफी मागितली म्हणून मी घरी जाऊन शोधायला लागलो, तेव्हा कळलं की ही करीना दक्षिण कोरियातली, ‘एस्पा’ नावाच्या गाणाऱ्या मुलींच्या चमूतली. सत्तरी उलटलेल्या माणसाला त्या चिठ्ठीने दोन आठवडे कामाला लावलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या चिठ्ठीचं उत्तर आहे. ती मुलगी आज आली आहे का ते मला दिसत नाही. आली असेल तर तिने ते तपासून घ्यावं.

झालं होतं ते असं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या एका वृत्तसंस्थेने छायाचित्रांसकट बातमी दिली, की करीनाचं एका तरुण नटाशी प्रेम जमलं आहे. दोघंही सज्ञान, दोघंही अविवाहित. कुणाला फसवलेलं नाही, कुणाचा संसार मोडलेला नाही. तरी चाहते खवळले. सोलमधल्या तिच्या कंपनीच्या दारात निषेधाचे फलक दाखवणारा ट्रक उभा केला गेला. फलकावरचा सूर असा होता, की आम्ही तुला एवढं प्रेम देतो ते तुला पुरत नाही का? मार्चमध्ये तिने स्वतःच्या हाताने पत्र लिहून चाहत्यांची क्षमा मागितली, आणि एप्रिलमध्ये ते दोघं वेगळे झाल्याची बातमी आली. सगळं मिळून पाच-सहा आठवडे.

जपानमध्ये हे त्याहून जुनं आहे. तिथे ‘एकेबी फोर्टीएट’ नावाचा मुलींचा मोठा ताफा २००५ मध्ये तोक्योत सुरू झाला. ‘जिला भेटता येतं अशी आयडॉल’ ही त्यामागची कल्पना. गाण्याची सीडी विकत घेतली की आत एक चिठ्ठी, आणि ती दाखवून त्या मुलीशी काही सेकंद हस्तांदोलन करता येतं. म्हणून एकच माणूस त्याच गाण्याच्या दहा-दहा, वीस-वीस सीड्या घेतो. तुम्ही म्हणाल, एकाच गाण्याच्या वीस प्रती घेऊन करतो काय? काहीच करत नाही. तो गाणं घेतच नाहीये, हे इथे लक्षात घ्या. २०१३ मध्ये या ताफ्यातली मिनेगिशी नावाची मुलगी एका तरुणाच्या घरी रात्रभर राहिली अशी बातमी आली. तिने डोक्यावरचे केस काढून टाकले आणि कॅमेऱ्यासमोर रडत माफी मागितली. वय वीस. ती चित्रफीत ताफ्याच्या अधिकृत वाहिनीवरच दाखवली गेली. मी ती थोडी पाहिली आणि बंद केली. आपल्याकडे केशवपन कुणाचं होत असे, ते या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

पुढे करारपत्रात ‘प्रेमसंबंध ठेवणार नाही’ असं लिहून घेतल्यावरून तिथे खटले झाले. तोक्योच्या एकाच जिल्हा न्यायालयाने २०१५ मध्ये एका सतरा वर्षांच्या मुलीला करार मोडला म्हणून भरपाई द्यायला लावली, आणि २०१६ च्या जानेवारीत दुसऱ्या एका खटल्यात तशीच मागणी फेटाळली. प्रेम करणं हा सुख शोधण्याच्या माणसाच्या हक्काचा भाग आहे, असं त्या दुसऱ्या निकालाचं म्हणणं. चार महिन्यांच्या अंतराने दोन उलटे निकाल. न्यायाधीशांनाही हा प्रश्न सोपा गेला नाही, तर आपल्याला का जावा?

बरं, हे सगळं परदेशातलं खूळ आहे असं म्हणून हात झटकता येत नाहीत. मला तरी येत नाहीत. का, ते सांगतो. मी हे आजवर व्यासपीठावरून कधी सांगितलेलं नाही.

सत्तरच्या दशकात, नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मी तळेगावात एका हौशी नाट्यसंस्थेत रमलो होतो. संस्थेचं नाव सांगत नाही. मावळातल्या गावांच्या जत्रांमध्ये आमच्या नाटकाला सुपाऱ्या मिळत. चैत्र-वैशाखात एकेका आठवड्यात तीन तीन प्रयोग. आमची नायिका गुणी मुलगी होती. आवाज लागला की पेट्रोमॅक्सच्या मागे बसलेल्या माणसापर्यंत शब्द पोचायचा. तिने आमच्यातच प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या मुलाशी पुण्यात नोंदणी विवाह केला. पाच-सहा जणांना माहीत होतं, मी त्यातला एक. व्यवस्थापकांना कळलं तेव्हा ते तिला एवढंच म्हणाले, “लग्न केलंस, चांगलं केलंस. पण हा हंगाम होईपर्यंत कुठे बोलायचं नाही. गावची कमिटी सुपारी देताना विचारते, बाई कुमारी आहे ना?” मग ती एस.टी.त बसताना मंगळसूत्र काढून बटव्यात ठेवी आणि नवरा चार बाकं सोडून मागे बसे.

जाहिरातीच्या हस्तपत्रिकांचा मजकूर मी लिहीत असे, कारण माझं अक्षर बरं होतं. त्या हस्तपत्रिकेवर तिच्या नावामागे मी ‘कु.’ लिहिलं. मला माहीत होतं, तरी लिहिलं. छापून आल्यावर तिने एक प्रत हातात घेतली, वाचली आणि मला विचारलं, “मास्तर, तुमच्या नावामागे काय आहे?”

मी म्हटलं, “श्री.”

“त्यावरून तुमचं लग्न झालंय की नाही ते कळतं का हो?”

मी तेव्हा तर्कशास्त्र शिकवत होतो, आणि मला उत्तर सुचलं नाही. पुढच्या हंगामात तिने काम सोडलं. दिवस गेले होते, म्हणजे आता लपवता येणार नव्हतं. मराठीत बाईच्या नावामागे ‘कु.’ किंवा ‘सौ.’ लागतं, पुरुषाला एक ‘श्री.’ जन्मभर पुरतो. कोरियाच्या ट्रकवर जे लिहिलं होतं ते आम्ही दोन अक्षरांत लिहीत होतो, इतकंच.

आता मोठ्या उदाहरणाकडे येऊ. महाराष्ट्राने एखाद्या कलावंताला खऱ्या अर्थाने डोक्यावर घेतलं असेल तर ते बालगंधर्वांना. नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले, शकुंतला झाले, आणि पुढची तीस वर्षं मराठी स्त्रीने कसं दिसावं हे या पुरुषाने ठरवलं. बायका त्यांचं पाहून लुगडं नेसत, गजरे माळत. आता गंमत बघा. १९०७ मध्ये त्यांचं लग्न झालेलं होतं. ते कुणी लपवलं नाही, लपवावं असं कुणाला वाटलंही नाही. १२ मार्च १९११ ला ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली. तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही हकीकत लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या भक्तिभावाने सांगितली. म्हणजे आपली भामिनी ही एका मुलीचा बाप आहे, हे प्रेक्षकांना माहीत होतं आणि त्याने रसभंग झाला नाही. उलट आदर वाढला.

मग बिघडलं कुठे? गोहरबाई कर्नाटकी आल्यावर. गोहरबाई विजापूरकडच्या, मुसलमान, गाणाऱ्या. पार्श्वगायिका अमीरबाई कर्नाटकी यांच्या भगिनी. बालगंधर्वांची गायकी त्यांनी अशी उचलली होती की कानाला फरक कळू नये. तिसाव्या दशकाच्या उत्तरार्धात त्या कंपनीत आल्या, रंगभूमीवर स्त्रीभूमिका करू लागल्या आणि दोघांचं नातं जुळलं, ते शेवटपर्यंत टिकलं. आणि तेच प्रेक्षक, जे चाळीस-पन्नास मैल बैलगाडीने येत, ते म्हणू लागले की या बाईने आमचा देव बुडवला. कंपनीच्या ऱ्हासाचं खापर त्यांच्यावर फुटलं. तारखा लावून पाहिल्या तर हे टिकत नाही. कंपनीच्या डोक्यावर कर्ज १९२०च्या सुमारापासून होतं. अत्तरं, गालिचे, जरीचे शालू यांवरचा खर्च कुणाला आवरला नाही. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’, आणि बोलपटाने नाटक कंपन्यांचं कंबरडं मोडलं. नारायणराव स्वतः ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले ते १९३५ साल, म्हणजे गोहरबाईंच्या आधीची गोष्ट. पण खापर फोडायला डोकं लागतं आणि ते परक्या बाईचं असलं की सोयीचं पडतं. नारायणराव पुढे विकलांग झाले, तेव्हा त्यांचं करायला गोहरबाईच होत्या. १९६४ मध्ये त्या गेल्या, १९६७ मध्ये नारायणराव. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचं रंगमंदिर उघडलं. तिथे मी शेकडो नाटकं पाहिली आहेत आणि गोहरबाईंचा विचार क्वचितच केला आहे, हे कबूल करतो.

पत्नी चालली, गोहरबाई चालल्या नाहीत. धर्म आणि जात हे त्याचं एक कारण, उघडच आहे. पण आणखी एक आहे. पत्नी घरात होती. तिच्यामुळे प्रेक्षकाला काही गमवावं लागलं नव्हतं. गोहरबाई मात्र त्यांच्या गाण्यात आल्या, रंगभूमीवर त्यांच्या जागी येऊन उभ्या राहिल्या. प्रेक्षक ज्याला आपलं समजत होता तिथे कुणीतरी खरोखरचं येऊन बसलं.

आता चिठ्ठीतला दुसरा प्रश्न, रससिद्धान्ताचा. मागच्या वेळी आलेल्यांना आठवत असेल, भट्टनायकाचा ‘साधारणीकरण’ हा शब्द मी फळ्यावर लिहिला होता. दुष्यंत शकुंतलेवर प्रेम करतो ते पाहताना मला जे वाटतं, ते ‘माझं प्रेम’ नसतं, ‘दुष्यंताचं’ नसतं, आणि शेजारच्या खुर्चीतल्या गृहस्थांचंही नसतं. ते कुणाचंच नसल्यामुळे सगळ्यांना भोगता येतं. अभिनवगुप्ताने रसातल्या विघ्नांची यादी दिली आहे, त्यात हेच मोठं विघ्न मानलंय: ‘हे माझं’, ‘हे त्याचं’ अशी जाणीव सुटत नाही तोवर रस नाही. म्हणजे नाटकाला आलेला माणूस नायिकेच्या प्रेमात स्वतः उमेदवार म्हणून बसला असेल, तर शास्त्राप्रमाणे तो रसिकच नव्हे. त्याने बाहेर जाऊन चहा घ्यावा.

आयडॉलचा धंदा नेमका त्या उमेदवारावर उभा आहे. कोरियात ‘बबल’ नावाचं एक अ‍ॅप आहे. दरमहा पैसे भरले की आवडत्या कलावंताचे संदेश तुमच्या फोनवर येतात. ती लिहिते एकदाच, जातं लाखोंना. पण तुमच्या पडद्यावर ते तुम्हा दोघांच्याच खासगी संभाषणासारखं दिसतं, आणि जिथे नाव घ्यायचं तिथे यंत्र तुमचं नाव घालतं. ‘जेवलास का, अमुक?’ भट्टनायकाने हजार वर्षांपूर्वी जे ‘माझं’पण काढून टाकायला सांगितलं, ते यंत्राने प्रत्येकाच्या हातात परत दिलं. तेव्हा मुली, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की रससिद्धान्तात याचं उत्तर आहे, पण ते ‘विघ्न’ या प्रकरणात आहे.

फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्र याने १९४३ च्या ग्रंथात एक बारीक गोष्ट टिपली आहे. गिऱ्हाइकाला दुकानदार हा फक्त दुकानदार हवा असतो. वाणी काउंटरवर हरवल्यासारखा बसला की आपल्याला राग येतो, कारण तो पुरता वाणी राहिलेला नसतो. हे खरंच आहे, पण वाण्याला दुकान बंद करता येतं. या मुलींचं दुकान बंद होत नाही, कारण विकायला ठेवलेली वस्तू म्हणजे त्यांची जागा रिकामी असणं. तिथे कुणी बसलं की चाहत्याला माल खोटा निघाल्यासारखं वाटतं. म्हणून तो फसवणुकीची भाषा करतो. त्याच्या दृष्टीने ते प्रामाणिक आहे, आणि मला भीती त्याचीच वाटते.

मूर्ती हा शब्द घेतलाय, तर आपल्या मूर्तींचंही बघा. आयडॉल म्हणजे मूर्तीच की. पण आपल्या मूर्ती एकट्या नाहीत हो. विठोबाला रुक्मिणी आहे, ती रुसून वेगळ्या देवळात बसली तरी आहे. खंडोबाला म्हाळसा आहे आणि शिवाय बाणाई. दोघींची भांडणं आपण जागरणात रात्रभर मजेत ऐकतो. देवाचं प्रेमप्रकरण कुणी लपवलं नाही. लपवायचं होतं ते देवापुढे नाचणाऱ्या मुरळीने. तिचं लग्न खंडोबाशी लागलेलं, म्हणून तिला माणसाशी लग्न नाही. देवाला दोन बायका आणि तिला एकही नवरा नाही. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये मुली देवाला वाहण्याविरुद्ध कायदा झाला, पण त्या कल्पनेचं आयुष्य कायद्यापेक्षा मोठं निघालं.

संगीत बारीत ती आजही दिसते. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या चौफुल्याला किंवा मोडनिंबला ज्या बाऱ्या आहेत, तिथला जुना रिवाज असा: नाचणारी लग्न करत नाही, आणि घरातली लग्न केलेली नाचत नाही. नाचणारीला मूल होतं, ते सगळ्यांना माहीत असतं. तिच्या आयुष्यात एखादा पुरुष असतो, त्याला ‘मालक’ म्हणतात. (आपल्या बायकाही नवऱ्याला मालक म्हणत आल्या आहेत, पण ते असो.) म्हणजे इथे संबंध लपवलेला नाही, मूल लपवलेलं नाही. नाही आहे ते कुंकू, सात-बारा, आणि मुलाच्या नावापुढे लावायचं बापाचं नाव. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचं ‘कोल्हाट्याचं पोर’ १९९४ मध्ये आलं. ते पुस्तक उघडण्याआधी लेखकाचं नाव वाचा, मधल्या जागी आई आहे.

विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पोटुशी असताना फडावर उभ्या राहिल्या, कळा आल्या, कनातीमागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या, असं सांगतात. आम्ही ही गोष्ट अभिमानाने सांगतो. अलीकडे मी ती सांगताना अडखळतो. आमच्या नायिकेला पोट दिसायला लागण्याआधी जावं लागलं, विठाबाईंना बाळंत होऊनही जाता आलं नाही. हौशी पांढरपेशा रंगमंचाला कुमारी हवी होती, तमाशाला नाचणारी हवी होती. बाईला काय हवं होतं हे दोन्हीकडे विचारायची पद्धत नव्हती.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. कलावंत स्वतःच करारावर सही करतात, पैसा मिळवतात, मग तक्रार कसली? मी यावर बराच विचार केला. ज्या मुली तेराव्या-चौदाव्या वर्षी शिकाऊ म्हणून भरती होतात, त्यांच्या सहीला मी फार वजन देत नाही. पण सज्ञान माणसाचं काय? आपलं प्रेम जगापुढे मांडायचं नाही असं कुणी स्वतःहून ठरवलं, तर तो त्याचा हक्क आहे. झाकून ठेवणं वाईट नव्हे. आपण सगळेच झाकतो. लोणावळ्याला सांगायला नको. भुशी धरणाकडे, टायगर पॉइंटकडे जाणाऱ्या स्कूटरवर मागे बसलेल्या मुलींचे चेहरे ओढणीत गुंडाळलेले असतात, नुसते डोळे दिसतात, आणि ते काही धुक्यासाठी नसतं. या गावाने शंभर वर्षं मुंबई-पुण्याची प्रेमं सांभाळली आणि त्यावर चिक्की विकली. पण ती ओढणी मुलीच्या हातात असते. कधी बांधायची, कधी सोडायची ते ती ठरवते. हस्तपत्रिकेवरचं ‘कु.’ माझ्या हातात होतं. फरक मला तरी इथेच दिसतो. आणि गंमत अशी, की स्वतः ओढणी बांधून फिरणारी हीच मुलं घरी जाऊन फोनवर कुणा नटीला विचारतात, तू आमच्यापासून का लपवलंस? तिने सांगितलं असतं तर म्हणाली असती, का सांगितलंस.

परवा बऱ्याच वर्षांनी कार्ल्याला गेलो. गुडघ्यांमुळे पायऱ्या चढायला तास लागला. एकवीरेचं दर्शन घेऊन येणारी गर्दी चैत्यगृहाकडे सरकत होती. त्या चैत्याच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरल्या आहेत, जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या, पुरुषभर उंचीच्या. आत भिक्षूंनी प्रार्थना करायची, घर-संसार सोडलेल्यांनी, आणि दारात एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून हसत उभी असलेली जोडपी. ती दान देणाऱ्यांची असावीत असं काही अभ्यासक म्हणतात. भाज्याच्या विहारात एक नाचणारी आहे आणि तिच्या शेजारी वाद्य वाजवणारी. तिथे मात्र जोडी नाही. नाचणारीच्या घरी कोण होतं, ते दगडाने सांगितलेलं नाही.

त्या आमच्या नायिकेची मध्यंतरी गाठ पडली, पुण्याच्या लोकलमध्ये. नातवाला घेऊन निघाली होती. तिला मी आधी ओळखलं नाही, आवाजावरून ओळखलं. तिने विचारलं, “मास्तर, ती हस्तपत्रिका आहे का हो तुमच्याकडे? नातवाला दाखवायची होती.” माझ्याकडे आहे. तिला पाठवायची म्हणून पाकिटात घातली, पत्ता लिहायला घेतला, आणि नावामागे काय लिहायचं तिथे थांबलो. नुसतं नाव लिहिलं.

शेवटच्या लोकलने जाणाऱ्यांनी खुशाल उठावं. बाकीच्यांसाठी मी अर्धा तास इथेच आहे, प्रश्न विचारा.